क्वार्टरबॅक निवृत्त होतो, हप्ते राहतात

१७ जानेवारी २०२१. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचा बाद फेरीचा सामना होता. न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून ड्रू ब्रीस खेळत होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने ४२ पूर्ण केली होती. समोर टँपा बे बकनीअर्सचा टॉम ब्रेडी होता, वय ४३. ज्या खेळात बहुतेकांची कारकीर्द तिशीच्या आसपास संपते, त्यात हे दोघे अजून आपापल्या संघाचा गाडा ओढत होते. त्या दिवशी ब्रीसने तीन वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला आणि सेंट्स ३०-२० असे हरले. तीन आठवड्यांनी ब्रेडीने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. दोन महिन्यांच्या आत ब्रीसने निवृत्ती जाहीर केली.

इथपर्यंत नवल करण्यासारखे काही नाही. कोडे आहे ते पुढे.

५३ खेळाडूंच्या ताफ्यातून एक माणूस गेला. त्याआधीच्या चार हंगामांत सेंट्सनी साखळीचे ४९ सामने जिंकले होते आणि फक्त १५ गमावले होते. त्यानंतरच्या चार हंगामांत, म्हणजे २०२१ ते २०२४ मध्ये, ३० जिंकले आणि ३८ हरले. बाद फेरी एकदाही दिसली नाही. एक हंगाम वाईट गेला असता तर ‘मोठा खेळाडू गेला, सावरायला वेळ लागणार’ म्हणून सोडून देता आले असते. चार वर्षे का? आणि ब्रेडीही दोन वर्षांनी निवृत्त झाला, तेव्हा बकनीअर्सनी पुढच्याच हंगामात आपला गट कसा जिंकला?

एका माणसावर एवढा भार कशासाठी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूचे अकरा जण मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो कुणाला द्यायचा, कुणाकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याला अडीच-तीन सेकंदांत ठरवावे लागते. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याला आडवा करायला धावत येत असतात.

त्याचे निम्मे काम मात्र चेंडू हातात येण्याआधीच झालेले असते. समोरचा बचाव कसा उभा आहे, कोण पुढे धावून येणार, कोण नुसता आव आणतो आहे, हे ओळखून तो आयत्या वेळी आपल्या संघाची चाल बदलतो. ही ओळख वर्षानुवर्षांच्या सामन्यांतून येते. म्हणून अडतीस वर्षांचा क्वार्टरबॅक चोवीस वर्षांच्या क्वार्टरबॅकपेक्षा खेळ अधिक अचूक वाचतो, आणि म्हणूनच संघाला त्याचा हात सोडवत नाही.

हात थकतो, आकडे थकत नाहीत

ब्रीसचे आकडे पाहिले तर वयाचा मागमूस लागत नाही. २०१७ मध्ये त्याचे ७२ टक्के पास सहकाऱ्यांच्या हाती पोचले. २०१८ मध्ये ७४.४ टक्के पोचले, आणि लीगच्या इतिहासातला तो तेव्हाचा विक्रम होता. २०१९ मध्ये ७४.३ टक्के. तेव्हा त्याचे वय ३८, ३९ आणि ४० होते.

मग तो म्हातारा झालाच नव्हता का? झाला होता. लांबचा पास केवळ दंडातून निघत नाही. पायांचा रेटा, कंबरेची फिरकी आणि खांदा या सगळ्यांची ताकद शेवटी चेंडूत उतरते. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून थोडी अधिक असते. पलीकडच्या कडेला, शिवाय पंधरा यार्ड पुढे चेंडू पोचवायचा तर तो हवेत बराच वेळ राहतो. त्याचा वेग थोडा जरी कमी झाला तरी मध्ये घुसून तो पळवायला बचावपटूला वाव मिळतो. अनुभवी क्वार्टरबॅकला हे सगळ्यांच्या आधी कळते. तो लांबचे पास कमी करतो, जवळचे वाढवतो आणि चेंडू हातात आला की लगेच सोडून देतो. जवळचे पास सहसा चुकत नाहीत, त्यामुळे टक्केवारी उलट वर जाते.

प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना हे दिसते. ते मागे ठेवलेले बचावपटू पुढे आणतात आणि मैदानाचा जवळचा भाग दाटीचा होतो. तरीही चांगले सहकारी आणि चतुर प्रशिक्षक असले की दोन-तीन वर्षे निभावते.

मग एक दिवस निभावत नाही, आणि ही घसरण पायरीपायरीने होईलच असे नाही. डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या पेटन मॅनिंगने २०१३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ५५ टचडाउन पास, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवणारे पास, फेकले. तो विक्रम होता. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याचे टचडाउन पास ९ होते आणि प्रतिस्पर्ध्यांनी पळवलेले पास १७. ब्रेट फाव्हने मिनेसोटा व्हायकिंग्जसाठी २००९ मध्ये, चाळिशीत, ३३ टचडाउन पास देऊन फक्त ७ चेंडू गमावले. संघ सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत गेला. फाव्हला पुढच्या वर्षीही परत आणले. यावेळी ११ टचडाउन, १९ चेंडू गमावलेले, हंगामाच्या मध्यातच प्रशिक्षकांची हकालपट्टी आणि सोळापैकी सहा विजय. त्यापुढच्या वर्षी व्हायकिंग्ज सोळापैकी फक्त तीन सामने जिंकले.

ब्रीसचे शरीर तुकड्यातुकड्याने बोलत होते. २०१९ मध्ये फेकण्याच्या हाताच्या अंगठ्याचा अस्थिबंध गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये अकरा बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला इजा झाली. तरी पाचव्या आठवड्यात तो मैदानात हजर होता. धाडस म्हणून हे कितीही मोठे वाटले, तरी ज्या संघाची सगळी योजना या माणसावर बेतलेली होती त्या संघासाठी ती धोक्याची सूचना होती.

आजचा पैसा, उद्याचा हिशेब

सेंट्सच्या चार वर्षांचे कोडे मात्र हाताच्या ताकदीने सुटत नाही. त्यासाठी संघाच्या जमाखर्चाच्या वहीत डोकवावे लागते.

एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघाने खेळाडूंवर एका वर्षात किती खर्च दाखवायचा याला १९९४ पासून मर्यादा आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. मालक कितीही गडगंज असो, मर्यादा सगळ्यांना एकच.

इथे ‘खर्च दाखवायचा’ हे शब्द महत्त्वाचे. करार करताना खेळाडूला मोठी रक्कम हातात दिली जाते, तिला साइनिंग बोनस म्हणतात. पैसे लगेच जातात, पण हिशेबात ते जास्तीत जास्त पाच वर्षांत समान वाटून दाखवता येतात. समजा, पाच वर्षांच्या करारात अडीच कोटी डॉलर बोनस दिला. दरवर्षी पन्नास लाख खात्यावर पडतील. आता खेळाडू दोन वर्षांनी निवृत्त झाला तर? उरलेले दीड कोटी एकदम खात्यावर येतात. माणूस संघात नाही, पण त्याच्या नावावर जागा अडलेली. या रकमेला तिथे ‘डेड मनी’ म्हणतात. आपल्याकडे कर्ज काढून घेतलेली म्हैस दगावते आणि सोसायटीचे हप्ते मात्र चालूच राहतात, त्यातलाच हा प्रकार.

याच्यापुढची युक्ती अशी की चालू वर्षाचा पगारसुद्धा बोनस म्हणून नोंदवायचा आणि पुढच्या वर्षांवर पसरायचा. खेळाडूला तेवढीच रक्कम, तीही लवकर मिळते, म्हणून त्याची काही तक्रार नसते. करारात पुढे वर्षेच उरली नसतील तर नुसती कागदावरची वर्षे जोडतात. त्या वर्षांत तो खेळणार नाही हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. ती वर्षे असतात फक्त हप्ते टांगायला खुंटी म्हणून.

सेंट्सचे व्यवस्थापक मिकी लूमिस या विद्येत तरबेज. त्यांचे गणित चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. टीव्हीच्या पैशामुळे कॅप जवळजवळ दरवर्षी वाढत होती, म्हणजे आजचे कर्ज उद्या हलके वाटणार होते. आणि सुपर बोल जिंकू शकणारा क्वार्टरबॅक आज हाताशी होता. पण २०२० मध्ये साथ आली, प्रेक्षागारे रिकामी राहिली आणि १९.८२ कोटी डॉलरची कॅप २०२१ साठी १८.२५ कोटींवर घसरली. ब्रीस गेला तोही नेमका त्याच वर्षी. हंगामानंतर सेंट्सच्या नावावर मर्यादेपेक्षा सुमारे १० कोटी डॉलरचा खर्च जास्त दिसत होता.

जाता जाता ब्रीसने एक उपकार केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने आपला अडीच कोटी डॉलरचा पगार कागदावर १०.७५ लाखांपर्यंत खाली आणू दिला, आणि निवृत्तीची अधिकृत नोंद १ जूननंतर झाली. ही तारीख ओलांडली की उरलेला भार दोन वर्षांत विभागता येतो. तरीही त्या दोन वर्षांत मिळून २ कोटी २० लाखांहून अधिक डॉलर एका निवृत्त माणसाच्या नावावर गेले.

चौकट : वाचताना हाताशी ठेवा

सॅलरी कॅप : संघाने एका वर्षात खेळाडूंवर दाखवायच्या खर्चाची कमाल मर्यादा.
डेड मनी : संघात नसलेल्या खेळाडूपोटी हिशेबात राहिलेली रक्कम.
ड्राफ्ट : महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, सात फेऱ्यांची. सर्वात तळाच्या संघाला पहिली संधी, विजेत्याला शेवटची.
नवोदिताचा करार : चार वर्षांचा, निवडीच्या क्रमांकानुसार रक्कम जवळजवळ ठरलेली आणि तुलनेने स्वस्त.

२०१७ ची स्वस्त पिढी

ब्रीसच्या अखेरच्या चार वर्षांतल्या यशाचे श्रेय बहुतेक वेळा ब्रीसलाच मिळते. त्यातला मोठा वाटा २०१७ च्या एका ड्राफ्टचा होता. त्या एका वर्षी सेंट्सनी मार्शन लॅटिमोर, रायन रॅमचिक, मार्कस विल्यम्स, अल्विन कमारा आणि ट्रे हेन्ड्रिक्सन निवडले. लॅटिमोर बचावातला आणि कमारा चढाईतला, असे दोघेही त्या वर्षीचे सर्वोत्तम नवोदित ठरले. एकाच संघाला एका वर्षात असे पीक क्वचितच येते.

आणि हे सगळे चार वर्षे स्वस्तात खेळणार होते. महागडा वयस्कर क्वार्टरबॅक सेंट्सना परवडला तो यामुळे. पण २०१७ मध्ये सही केलेले चार वर्षांचे करार २०२० च्या हंगामाबरोबर संपत आले. ज्या वर्षी ब्रीसची उधारी वर आली, कॅप खाली आली, त्याच सुमारास ही पिढी आपली खरी किंमत मागू लागली. सगळ्यांना पुरेल एवढा पैसा नव्हता. २०२० मध्ये प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना साडेतेरा वेळा पाडणारा हेन्ड्रिक्सन सिनसिनाटीला निघून गेला, आणि पुढच्याच हंगामात त्याचा नवा संघ सुपर बोल खेळला. (अर्धा अशासाठी की दोघांनी मिळून पाडले तर श्रेय वाटून देतात.) विल्यम्स एका वर्षाने बाल्टिमोरला गेला.

२०२१ मध्ये सेंट्सकडून चार वेगवेगळे क्वार्टरबॅक सलामीला उतरले. त्यातला पहिला, जेमिस विन्स्टन, ऑक्टोबरअखेर गुडघा गमावून बसला. हंगाम संपल्यावर प्रशिक्षक शॉन पेटन यांनीही पद सोडले.

अकरावा क्रमांक

२७ एप्रिल २०१७ च्या रात्री सेंट्सची निवड अकराव्या क्रमांकावर होती. त्यांची नजर टेक्सास टेक विद्यापीठाच्या एका क्वार्टरबॅकवर होती. त्याचे नाव पॅट्रिक महोम्स. तो मिळाला असता तर त्यालाच घेतले असते, असे पेटन यांनी नंतर उघडपणे सांगितले आहे. पण कॅन्सस सिटी चीफ्सनी बफेलोशी सौदा केला. २७ वा क्रमांक, तिसऱ्या फेरीतली एक निवड आणि पुढच्या वर्षीची पहिली निवड देऊन ते दहाव्या क्रमांकावर आले आणि महोम्सला घेऊन गेले. सेंट्सना लॅटिमोर मिळाला.

चीफ्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथ तिशी ओलांडलेला होता, पण चांगला खेळत होता. महोम्सने एक वर्ष त्याच्यामागे बसून काढले. मग स्मिथला दुसऱ्या संघाकडे पाठवले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये चीफ्स विजेते होते. सेंट्सच्या बाबतीत दुर्दैव होते हे खरे. पण त्यानंतरच्या तीन ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या फेरीतली एकही निवड क्वार्टरबॅकवर खर्च केली नाही, ही काही नियतीची चूक नव्हती.

जिंकणाऱ्या संघाची इथे खरोखर पंचाईत असते. तो जिंकतो म्हणून त्याचा क्रमांक ड्राफ्टच्या शेपटाला लागतो. उत्तम तरुण क्वार्टरबॅक तोवर कुणीतरी नेलेला असतो. शिवाय आज दारात सुपर बोल उभा असताना पहिल्या फेरीतली निवड तीन वर्षे बाकावर बसणाऱ्या मुलावर घालवायची, हे संघातल्या इतरांच्या गळी उतरवणे कठीण जाते.

बाकावर बसवण्याची किंमत

ग्रीन बे पॅकर्सनी हे दोनदा केले. २००५ मध्ये फाव्ह ३५ वर्षांचा असताना त्यांनी २४ व्या क्रमांकावर अॅरन रॉजर्स घेतला आणि तीन वर्षे बसवला. रॉजर्सने त्यांना २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून दिला. २०२० मध्ये रॉजर्स ३६ वर्षांचा असताना त्यांनी २६ व्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह घेतला. ग्रीन बेमध्ये गहजब झाला. त्यात भर म्हणजे रॉजर्स चिडून असा खेळला की २०२० आणि २०२१ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२०२३ मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, तेव्हा पॅकर्सच्या खात्यावर त्याचे सुमारे ४ कोटी डॉलर डेड मनी पडले. तरी लव्हच्या पहिल्याच पूर्ण हंगामात संघ बाद फेरीत गेला आणि डॅलसला त्यांच्याच मैदानात ४८-३२ असे हरवून आला. जेट्सचे काय झाले? पहिल्या सामन्यात, चौथ्याच चालीला, रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली.

पॅकर्सची वाट अगदी फुकटची मात्र नाही. नवोदिताचा करार स्वस्त असतो तो पहिली चार वर्षे, आणि लव्हची त्यातली तीन बाकावर गेली. तो खेळू लागला तोवर स्वस्ताईचे दिवस संपत आले होते. २०२४ मध्ये त्याच्याशी चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार करावा लागला. तरी चार वर्षे चाचपडण्यापेक्षा हा सौदा पुष्कळ बरा.

कर्ज तेच, निकाल वेगळे

आता टँपा बे. त्यांनीही ब्रेडीसाठी सेंट्ससारखीच उधारी केली. पण त्यांना २०२१ मध्ये करंडक मिळाला होता, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रेडी गेल्यावर त्यांनी त्याचे सुमारे साडेतीन कोटी डॉलर एकाच वर्षात खात्यावर घेतले. त्या वर्षीच्या कॅपचा जवळपास सहावा हिस्सा. उरलेल्या चिल्लरीत त्यांनी बेकर मेफील्डला एका वर्षासाठी, जास्तीत जास्त ८५ लाख डॉलरवर आणले. एकेकाळी ड्राफ्टमध्ये पहिला आलेला, तोवर इकडून तिकडे टोलवला गेलेला हा खेळाडू अचानक फुलला. यात नशिबाचा भाग होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका वर्षात हिशेब मिटवल्यामुळे मेफील्ड फसला असता तरी संघ पुढच्या वर्षी मोकळा होता.

सेंट्सनी उलट केले. आपण अजून एका खेळाडूने कमी आहोत, अशी त्यांची दरवर्षी समजूत. ती पटण्याजोगी होती, कारण त्यांचा गट इतका दुबळा की २०२२ मध्ये तो जिंकणाऱ्या बकनीअर्सचे विजय आठ आणि पराभव नऊ होते. मग जुन्या करारांचे हप्ते आणखी पुढे ढकलले आणि २०२३ मध्ये ३१ वर्षांच्या डेरेक कारशी चार वर्षांसाठी १५ कोटी डॉलरचा करार केला. त्याचाही बोनस तसाच पसरलेला. मे २०२५ मध्ये खांद्याच्या दुखापतीने कार निवृत्त झाला. पुन्हा तीच वही आणि तेच पान.

डेन्व्हरची हकीकत आणखी वेगळी. मॅनिंगचे अखेरचे वर्ष संघाच्या बचावफळीने तारले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला. त्यानंतर सलग आठ हंगाम बाद फेरी नाही. इथे दोष हप्त्यांपेक्षा निवडीचा होता. पॅक्स्टन लिंच, केस कीनम, जो फ्लाको, ड्रू लॉक अशी रांग लागली. अखेर २०२२ मध्ये त्यांनी ३३ वर्षांचा रसेल विल्सन आणला आणि त्याला २४.५ कोटी डॉलरचा करार दिला. दोन वर्षांत तो सोडून द्यावा लागला आणि ८.५ कोटी डॉलर डेड मनी दोन हंगामांवर पडले.

एवढ्या ओझ्याखाली २०२४ मध्ये ब्रॉन्कोज बुडायला हवे होते. ते दहा सामने जिंकून बाद फेरीत गेले. त्यांनी बाराव्या क्रमांकावर निवडलेला बो निक्स पहिल्याच वर्षी खेळत होता आणि त्याचा चार वर्षांचा सगळा करार दोन कोटी डॉलरच्या आत होता. स्वस्त क्वार्टरबॅक असला की महागडे कर्जही फेडता येते, याचा याहून स्वच्छ नमुना सापडणार नाही. त्या संघाचे प्रशिक्षक होते शॉन पेटन, तेच, ज्यांच्या हातून २०१७ मध्ये महोम्स निसटला होता.

जो संघ पुरेसा हरत नाही

पिट्सबर्ग स्टीलर्सचे प्रकरण सगळ्यांत अवघड आहे. बेन रॉथलिसबर्गर अठरा हंगाम खेळून जानेवारी २०२२ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा चाळिशीला सुमारे पाच आठवडे कमी होते. त्यांनी लगेच विसाव्या क्रमांकावर केनी पिकेट घेतला. दोन वर्षांत त्याला दुसऱ्या संघाकडे दिले. मग विल्सन आला आणि २०२५ मध्ये ४१ वर्षांचा रॉजर्स, तोही फक्त एका वर्षाच्या करारावर. म्हणजे मागे मोठी उधारी राहण्याची भीती नव्हती.

पण माइक टॉमलिन २००७ मध्ये प्रशिक्षक झाल्यापासून २०२४ पर्यंत या संघाचे पराभव एकाही हंगामात विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. इतका सातत्याने बरा खेळणारा संघ ड्राफ्टच्या पहिल्या पाचांत पोचत नाही, आणि दरवर्षी नाव होणारे तरुण क्वार्टरबॅक बहुधा तिथेच संपतात. त्यांच्यापुढे दोन मार्ग उरतात. एक, दोन-तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी गहाण टाकून चीफ्ससारखी वर उडी मारायची. दुसरा, आणखी एका वर्षासाठी आणखी एक अनुभवी हात शोधायचा. २०२५ च्या पहिल्या फेरीत एकविसाव्या क्रमांकावर स्टीलर्सनी बचावफळीतला खेळाडू घेतला आणि क्वार्टरबॅक सहाव्या फेरीपर्यंत लांबवला. जूनमध्ये रॉजर्सने सही केली.